शेवटचे तीन आकडे

गाडी घ्यायला निघाले तो रविवार अगदी साधा होता. ज्ञानेशनं सकाळी पोहे खाल्ले, खिशात टॉर्च टाकली, गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या स्कॅनरची पिशवी खांद्याला लावली आणि स्वरूपाला घेऊन तो चिखलीहून ताथवड्याला निघाला. तिला सहावा महिना लागला होता. खड्डे आणि कंटेनर चुकवत तिला मोटारसायकलवरून दवाखान्यात न्यायचं त्याला नको वाटे. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि दोनदा हातातोंडाशी आलेलं सुख निसटलं होतं. या खेपेला त्याला कसलीही हयगय नको होती.

ताथवड्याच्या मैदानावर वापरलेल्या गाड्या धुऊनपुसून रांगेत उभ्या होत्या. "डॉक्टरांची गाडी आहे भाऊ, घर ते दवाखाना, बस," विकणारा म्हणाला. ज्ञानेश गालातल्या गालात हसला. जुनी गाडी विकणारा जो तो ती डॉक्टरचीच असल्याचं सांगतो. एवढे डॉक्टर खरंच असते तर पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाला साधी सर्दी झाली नसती.

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. ज्ञानेशचा धंदाच तो होता. चिखलीतल्या त्याच्या गाळ्यावर 'मीटर रिपेअरिंग' अशी पाटी होती, पण रिपेअरिंगपेक्षा चाललेल्या किलोमीटरचा आकडा उतरवणं जास्त चाले. उद्धवराव नावाचा एजंट आठवड्याला पिशवीभर मीटरं आणून टेबलावर ओतायचा. गाडी कुठली, कुणाची, काय झालेलं, हे ज्ञानेशनं कधी विचारलं नाही आणि गाडी कधी पाहिलीही नाही. लॅपटॉप जोडायचा, लाखाचे साठ हजार करायचे, आणि काम आपलं आहे हे ओळखू यावं म्हणून मीटरच्या पाठीवर स्वरूपाच्या मरून नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं तीन वर्षं सुरळीत चाललं होतं.

हे काम त्याला दापोडीच्या एका म्हाताऱ्या उस्तादानं शिकवलं होतं. त्याचा एकच दंडक होता. "आकडा हवा तेवढा उतरव, पण शेवटचे तीन आकडे जसेच्या तसे ठेव. गाडीला कळता कामा नये." ज्ञानेशला ते खुळचट वाटे. तरी सवयीनं तो तसंच करी.

त्या दिवशी त्यानं पांढऱ्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीची अशी काही झडती घेतली की विकणारा कंटाळून चहाला गेला. पेडलचं रबर, स्टेअरिंगची चकाकी, सीटबेल्टच्या शिवणी सगळं पाहिलं. स्कॅनर लावला. मीटरवर ४१,२१२ होतं आणि कुठंही खाडाखोडीचा माग नव्हता. इतक्या सफाईनं काम करणारा माणूस चिखलीत एकच होता, आणि तो स्वतःच तिथं उभा होता. ज्ञानेश निश्चिंत झाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

परतताना डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे स्वरूपा मागे डावीकडे, ऐसपैस बसली होती. दुपारचं लख्ख ऊन होतं. पवनेच्या पुलावर चाकं चढली आणि मागची डावी काच आपोआप चार बोटं खाली गेली. भाजलेल्या मिश्रीचा करपट वास आत भरला. बाहेर कठड्यावर टण्ण असा बारीक आवाज झाला. पूल संपला, तशी काच परत वर गेली.

"अहो, काच तुम्ही घेतली का खाली?"

"नाही. तुझा हात लागला असेल."

"माझे दोन्ही हात पोटावर आहेत."

बटण खराब असेल, असं म्हणून त्यानं ते बदललं. आठवड्यानं आळंदीला जाताना इंद्रायणीच्या पुलावर तेच झालं. काच, मिश्रीचा वास, टण्ण. वासानं हल्ली स्वरूपाला घास जात नसे, पण या वासाचा तिला त्रास झाला नाही. उलट ती हसली. "नदी आली की नमस्कार करते बघा गाडी. माझी आजी अशीच नाणं टाकायची."

ज्ञानेशला हसू आलं नाही. त्या रात्री त्यानं दरवाजा खोलून काचेच्या मोटरची वायरच उपटून ठेवली. दुसऱ्या दिवशी एकटाच मुद्दाम मोशीच्या पुलावरून गेला. मोटर मेलेली होती. तरी काच चार बोटं खाली गेली आणि पूल संपल्यावर वर आली. हे त्यानं स्वरूपाला सांगितलं नाही, कारण पोटुशीला काय सांगायचं? डोहाळेजेवण उरकलं की गाडी विकून टाकू, असं त्यानं ठरवलं. कुणाला विकायची, त्या माणसाचं काय होईल, हा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

डोहाळेजेवण तिच्या माहेरी, मंचरला होतं. सकाळी तिचा भाऊ किसन न्यायला आला. ज्ञानेश हातातलं काम संपवून मागून येणार होता. स्वरूपा हिरवी साडी नेसून मागे डावीकडे बसली. आकडा बघायची ज्ञानेशला खोडच होती. निघताना मीटरवर ४१,८३३ होतं.

गाडी गल्लीतून वळली आणि समोरच्या गाळ्यातले सरदारभाई हात पुसत रस्त्यावर आले. डेंटिंग-पेंटिंगमध्ये त्यांचे केस पांढरे झाले होते. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले.

"ज्ञानेश, ती गाडी तुझी? महिनाभर गावाला होतो, मला माहीतच नाही."

"हो भाई. का?"

"मागचा डावा दरवाजा माझ्या हातचा आहे. पांढऱ्यात थोडा पिवळा जास्त पडला होता माझ्याकडून. मी ओळखणार नाही तर कोण? ती गाडी घ्यायला नको होतीस, भावा."

"काय झालं होतं?"

"दोन वर्षं झाली. छबूबाई म्हणून एक म्हातारी होती, मुलाबरोबर चाललेली. मागं डावीकडं बसलेली. पूल आला की काच खाली घ्यायची आणि नदीत नाणं टाकायची, अशी तिची सवय. खेडजवळ भीमेच्या पुलावर तिनं काच घेतली, हात बाहेर काढला, आणि डावीकडून एक ट्रेलर घासत आला..." सरदारभाईंनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "पोरगा वाचला. त्यानंच हे रडत सांगितलं मला. माझ्या अम्मीएवढी म्हातारी होती रे. मिश्रीचा वास दरवाजातून जाईना, शेवटी दरवाजाच बदलला."

"फोटो आहे?"

"विम्यावाल्याला लागतात. सगळे ठेवतो मी." त्यांनी मोबाइलवर बोट सरकवत सरकवत फोटो काढला. चेपलेला दरवाजा. पुढचा फोटो मीटरचा होता. ४१,८६३.

ज्ञानेश त्या आकड्याकडं बघतच राहिला. दोन वर्षांपूर्वी गाडी ४१,८६३ चालली होती. आज सकाळी ती ४१,८३३ चाललेली होती. म्हणजे मधले हजारो किलोमीटर कुणीतरी पुसले होते, आणि स्कॅनरलासुद्धा कळू नये इतक्या सफाईनं पुसले होते. शेवटचे तीन आकडे तसेच ठेवून. गाडीला कळू न देता.

"भाई... गाडीला कळलंच नसेल तर?"

"काय?"

"ते किलोमीटर झालेत, हे तिला कळलंच नसेल तर? ती तेच पुन्हा चालत असेल तर?"

सरदारभाईंनी मोबाइल खाली घेतला. ते अगदी हळू म्हणाले, "म्हणजे आज मीटरवर जो आकडा आहे, त्यावर म्हातारी अजून जिवंत आहे..."

चिखलीपासून भीमेचा पूल तीस किलोमीटर. तेहतीस आणि तीस, त्रेसष्ट. आणि त्या जागेवर आज स्वरूपा बसली होती. ज्ञानेशनं फोन लावला. किसननं उचलला नाही. स्वरूपाचा व्यस्त लागला. पुन्हा लावला. त्याला देव आठवला, आई आठवली, मेलेली दोन बाळं आठवली. पाचव्या खेपेला किसनचा आवाज आला.

"बोला दाजी. चाकणला ट्रॅफिकमध्ये पाऊण तास गेला, आत्ता कुठं..."

"मीटर वाच!"

"आं?"

"किसन, आकडा वाच!"

"एकेचाळीस हजार आठशे... बासष्ट. का ओ? हा काय, पूल आलाच समोर."

"थांब! आहे तिथं थांब! चाक पुढं गेलं तर माझी शपथ आहे तुला!"

करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. मग दरवाजा उघडल्याचा आवाज, आणि बऱ्याच वेळानं स्वरूपा फोनवर आली. तिचा श्वास पुरत नव्हता.

"अहो... मी उतरले. ठीक आहे मी. पण एक विचारू?"

"विचार."

"किसन पुढं बसला होता. गाडीत तिसरं कुणी नव्हतं. मग माझ्या कानाशी 'आली गं माय भीमा' असं कोण म्हणालं?"

मोटारसायकल त्यानं कशी चालवली ते त्यालाच ठाऊक नाही. पोचला तेव्हा स्वरूपा रसवंतीच्या मांडवात बाकड्यावर बसली होती. त्यानं भर रस्त्यात तिचे दोन्ही हात धरले आणि लहान पोरासारखा रडला. किसनला काही उमगत नव्हतं. तो म्हणाला, "दाजी, क्रेनवर घालून न्या आणि देऊन टाका कुणाला तरी. आपल्या डोक्याचा ताप तरी जाईल."

कुणाला तरी. हेच तर आजवर केलं होतं. ज्ञानेशनं मान हलवली आणि पाठीवरच्या पिशवीतला लॅपटॉप घेऊन गाडीत शिरला. मीटरचे स्क्रू काढले, मीटर ओढून बाहेर घेतलं आणि उलटं केलं.

पाठीवर मरून नेलपॉलिशचा ठिपका होता.

किती वेळ तो त्या ठिपक्याकडं बघत बसला, देव जाणे. संशय होताच, पण डोळ्यांनी पाहणं वेगळं. बायकोच्या बाटलीतला रंग, आपल्याच हातचा ठिपका. आपणच त्या म्हातारीला परत त्या सीटवर आणून बसवलं होतं, आणि वर तिच्या मांडीवर स्वतःची बायको बसवली होती.

त्यानं वायर जोडली, मीटरच्या नंबरावरून लॅपटॉपमधली जुनी नोंद काढली, उतरवलेले चाळीस हजार परत मिळवले आणि खरा आकडा टाकला. ८१,८६२. एक बटण दाबायचं होतं. "आजी, मला माफ करा," तो पुटपुटला. मग किसनला आणि स्वरूपाला लांब राहायची खूण करून तो गाडीबाहेर उभा राहिला आणि हात आत घालून त्यानं बटण दाबलं.

एरवी आकडा एका झटक्यात बदलतो. आज तो एकेक करून पुढे सरकला. ४१,८६३.

मागची काच चार बोटं खाली आली. मिश्रीचा वास आला, आणि त्याच्या पायाशी डांबरावर टण्ण वाजलं. पुढच्याच क्षणी चावी बंद, हँडब्रेक लावलेली ती गाडी डावीकडून कुणी दणका द्यावा तशी जाग्यावर हादरली. रस्त्यावर काहीच नव्हतं. दरवाज्यावर ओरखडा नव्हता. पण मागच्या त्या डाव्या काचेचा भुगा होऊन सगळा सीटवर पडला, स्वरूपा जिथं बसली होती नेमका तिथं. मग आकडे भराभरा पळाले आणि ८१,८६२ वर थांबले. वास गेला. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज तेवढा चालू राहिला.

ज्ञानेश खाली बसला. चाकाजवळ एक रुपया पडला होता. तो त्यानं उचलला, तर ओला होता, नदीतून आत्ताच काढावा तसा.

खिशातला फोन वाजला. उद्धवराव होते.

"ज्ञानेशभाऊ, एक गंमत सांगू का? दिवाळीत तुमी मीटर करून दिल्यालं ना, त्या लाल गाडीचं? गिऱ्हाइकानं परत आणून टाकली ओ. म्हनतोय, शाळा आली की मागचं दार आपसूक उघडतंय. आन् डब्याचा वास येतोय म्हनं. येडं लागलंय लोकास्नी!"

ज्ञानेशनं मनात हिशेब केला. तीन वर्षं. आठवड्याला पिशवीभर मीटरं.

"म्या म्हटलं, वायरिंगचा घोळ असंल. तवर आपनच वापरू. आता त्याच गाडीतनं आलोय, नातीला शाळेतनं न्यायला. तेवढं दार बघता का उद्या?"

"उद्धवराव... मीटरवर आकडा किती आहे?"

"आकडा?" उद्धवराव मोठ्यानं हसले. "तो तर तुमीच ठरवलाय न्हवं? थांबा, चष्मा कुठं ठिवला..."

"पोरीला बसवू नका! ऐका, तिला गाडीत बसवू नका!"

पण पलीकडं घंटा वाजू लागली होती. शाळा सुटली होती. पोरांच्या कालव्यात ज्ञानेशचं ओरडणं उद्धवरावांना ऐकू गेलं नसावं, कारण ते फोन कानाला धरूनच प्रेमानं कुणाला तरी म्हणाले, "अगं, दार कुनी उघडलं? बरं, बस बस..."