बोटीखालचे ठोके

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा मेव्हणा. ज्याचं नाव शेवटी येतं, त्याला मी लहानपणी खांद्यावर बसवून बाजार दाखवला आहे. म्हणून यात एक शब्द वाढवून लिहिणार नाही.

साल पक्कं ध्यानात आहे. माझ्या मेव्हण्याच्या, मल्लिनाथच्या नातीचं, रुद्राणीचं बारसं झालं ते साल. दोन हजार बावीस. पाऊस चांगला झाला होता आणि धरण तुडुंब भरलं होतं.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. डोळ्यांवर हात धरावा लागतो अशा उन्हातली.

मल्लिनाथ युसूफ वडगाव या गावचा. सगळे त्याला अप्पा म्हणतात. चाळीस वर्षं त्याने विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त केल्या. मोटार चालू करून तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. "बेअरिंग गेलंय," म्हणायचा. खोलून बघावं तर गेलेलंच असायचं.

त्या कामातली आणखी एक रीत सगळेच पाळतात. विहिरीत उतरलेल्या माणसाचा आवाज वर येईपर्यंत घुमतो, शब्द कळत नाहीत. म्हणून तो खालून पाइपावर पान्याने ठोकतो. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे मी बाजूला झालो, चालू कर.

ठोके आल्याशिवाय वरच्याने बटणाला हात लावायचा नाही. अप्पाने हा नियम चाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

बारशानंतर महिन्याभराने विजयसिंह दुकानात आला. मोठ्या जमीनदार घरचा, पुढारी माणूस.

"अप्पा, एक मोटर बघायची हाय. पर विहिरीवरची न्हाई, धरणावरची."

धरणाच्या काठाला पत्र्याची शेड होती. आत लाकडी ओंडक्यांवर एक बोट ठेवलेली. लांबट, लाल रंग उडालेला, जागोजागी चिरा. जेट बोट. अठ्ठ्याण्णव सालचं मॉडेल, गोव्याकडून जुनीच आणलेली. पर्यटक फिरवायला घेतली आणि एकाच हंगामात बंद पडली. जवळपास पाच वर्षं तशीच होती.

अप्पाने भोवती एक चक्कर मारली. "हिचा पंखा कुठाय?"

"पोटात हाय. खालून पाणी ओढती आन् मागून फेकती. त्या जोरावर पळती."

अप्पा हसला. "मंग ही कशाची बोट? ही तर आपली पाण्यातली मोटरच की!"

"तेच म्हणून तुमाला बोलावलं. चालू करून द्या. मंग संगमेशला हिच्यावरच लावतो, कायमचा."

एवढ्यावर अप्पा थांबला.

संगमेश त्याचा एकुलता एक मुलगा. पुण्याची कंपनी लॉकडाऊनमध्ये बंद पडली, तेव्हापासून घरी होता. दिवाळी झाली की परत पुण्याला जातो, म्हणत होता. बायको आणि दीड महिन्याची रुद्राणीही जाणार होत्या. बोट पाण्यावर पळाली तर पोरगा गावात राहणार होता.

अप्पाने त्याच दिवशी पाने काढले.

इंजिन गंजून बसलं होतं. डिझेल घालून आठ दिवस भिजत ठेवलं, तेव्हा कुठे हललं. पंख्याची पाती वाळूने खाल्ली होती, ती लातूरहून वेल्डिंगने भरून आणली. सील बदललं. चिरांवर कापड आणि केमिकल लावून अंग बुजवलं. पोटाखाली, पाणी जिथून आत शिरतं तिथे, जाळी होती. तिच्या दांड्या कुणीतरी एकाआड एक कापल्या होत्या. अप्पाला त्यात नवल वाटलं नाही. मोटारीला पाणी जास्त यावं म्हणून शेतकरी फूटव्हॉल्वच्या, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेच्या, जाळीचं हेच करतात.

जाळी त्याने तशीच राहू दिली.

काम करताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. शेडच्या पत्र्यावर दिवसभर बगळे बसलेले असायचे. पण दुपारचे बारा वाजत आले की सगळे एकदम उठून जायचे... आणि तासाभराने परत यायचे.

नवरात्र नुकतंच सरलं होतं. बगळे उडून गेले होते. बॅटरी घरी चार्जिंगला होती. बोटीच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. अप्पाने निव्वळ सवयीने स्क्रूड्रायव्हर पंख्याच्या घरावर, बाहेरच्या कवचावर, टेकवला आणि मूठ कानाला लावली.

आत पाणी होतं.

खोल पाणी... हळूहळू फिरणारं.

त्याने मूठ कानाला आणखी दाबली.

आणि मग...

ठक. ठक.

अप्पा झटकन खाली वाकला. ओंडक्यांच्या मधे कोरडी माती होती. मातीवर एकही पाऊल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. बारा वाजता, दोन ठोके. बाजूला झालो, चालू कर.

अप्पाचं जेवणावरचं मन उडालं. रात्री अंथरुणावर तो कूस बदलत राहायचा. बहिणीने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं तर म्हणायचा, "पित्त झालंय."

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संगमेश त्या बोटीवर चढला नसता. पुण्याला गेला असता.

पुढच्या आठवड्यात एक बाई शेडबाहेर येऊन उभी राहिली. डोक्यावर मासळीची पाटी. पाटी उतरवली नाही, सावलीत आली नाही.

"अप्पा, पाण्यात घालू नगा तिला."

"कावून? कोण गं तू?"

"मी सुंदरबाई. धुळाजीची बायको. आमचं मालक हिच्याच खाली गेले."

अप्पाच्या हातातला पाना तसाच राहिला. विजयसिंह हे बोलला नव्हता. इंजिन बसलं, एवढंच बोलला होता.

"पाण्यातला वेल अडकला व्हता जाळीत. त्यो काढाया मालक खाली शिरले. वर अमरसिंह व्हता, विजयसिंहांचा चुलतभाऊ. त्येनं चालू केली."

"इशारा न घेता?"

"त्यो म्हणतो, दोन ठोके आले म्हणून केली. लोक म्हणले, पिला आसंल."

तिने डोक्यावरची पाटी सावरली. मग म्हणाली, "मालकाचे दोनी हात वेलात गुतले व्हते, अप्पा. तसंच बाहीर काढलं त्यांना. मंग ठोकलं कशानं?"

ती वळली आणि उन्हात चालत गेली.

त्या संध्याकाळी घरी अप्पाने विषय काढून पाहिला. "संगम्या, ती बोट लई जुनी हाय. वंगाळ हाय."

"मंग राहू द्या. मी पुण्याला जातो," संगमेश म्हणाला. "तिथं मित्रानं काम बघितलंय."

पाळण्यात रुद्राणी रडायला लागली. अप्पाने उठून दोरी हातात घेतली.

"तसं न्हाई," तो म्हणाला. "हुईल नीट."

डिसेंबर उजाडला. बोट तयार झाली. रविवारी पाण्यात घालायची ठरलं. शनिवारी दोघं बापलेक शेडमध्ये शेवटचे बोल्ट आवळत होते. अप्पाचा एक हात बोटीवर होता.

"हे बघ. उद्या खाली शिरायची येळ आली, तर दोन ठोके द्यायचे न्हाईत. तीन द्यायचे."

"कावून? सारी दुनिया दोन ठोकती."

"मी सांगतो म्हणून."

"म्हतारपणी अप्पाला एकेक ठोका जास्त लागायला लागला!" संगमेश हसला.

"गप बे. तीन म्हणजे तीन."

"बरं, तीन."

शेडमध्ये तिसरं कुणी नव्हतं. हे मला अप्पाने पुढे अनेकदा सांगितलं. आम्ही दोघंच होतो, दाजी, असं तो म्हणायचा. आम्ही दोघं... आणि ती.

रविवारी विजयसिंहने नारळ फोडला. बोट पाण्यात गेली आणि पहिल्याच किल्लीला इंजिन धडधडलं. संगमेशने ती अशी पळवली की मागे पाण्याची भिंत उभी राहिली. काठावरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. अप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला भूक लागली.

परत येताना काठापासून पन्नास पावलांवर इंजिन नुसतंच गुरगुरलं. बोट पुढे सरकेना. पाण्यात वेल होता आणि तो जाळीत भरला होता.

अप्पाने किल्ली बंद केली. पाणी गळ्याएवढंच होतं. संगमेशने पंचा कमरेला आवळला, विळा घेतला आणि उतरला.

"तीन," अप्पा म्हणाला.

"हाय ध्यानात!" म्हणून त्याने बुडी मारली.

अप्पाने वर पाहिलं. ऊन डोक्यावर आलं होतं. मघाशी पाण्याच्या कडेला बगळे होते...

आता एकही नव्हता.

संगमेश दोनदा वर आला. श्वास घेतला. हातातला वेल फेकला. तिसऱ्यांदा खाली गेला.

सगळं शांत झालं. काठावरची माणसंही बोलत नव्हती, की अप्पालाच ऐकू येत नव्हती...

ठक. ठक.

अप्पाने हात मांडीखाली दाबून धरला. किल्लीकडे बघितलंसुद्धा नाही. मनातून तो हसला. ओळखलं तुला, असं तो मनात म्हणाला. तुझं दोनाचंच गणित.

"संगम्या!" त्याने हाक मारली. संगमेश खालीच होता.

मग...

ठक.

ठक.

ठक.

सावकाश. ठाम. पोरगा ठोकतो तसे.

अप्पाने किल्ली फिरवली.

इंजिन एकदा धडधडलं आणि गच्च होऊन बंद पडलं.

कोळ्यांनी उड्या टाकल्या. बाहेर काढायला अर्धा तास लागला. कमरेचा पंचा जाळीतून आत ओढला जाऊन पंख्याच्या दांड्याला गुंडाळला होता. दोन्ही हात वेलात मनगटापर्यंत गुंतले होते, विळा तळाच्या गाळात पडला होता. पंचनाम्याच्या वेळी ठोकायचा पाना सापडला. तो बोटीतच होता, सीटखाली, कोरडा. संगमेश तो न्यायलाच विसरला होता.

काठावरच्या माणसांना विचारलं. ठोके कुणीही ऐकले नव्हते.

तिसऱ्या दिवशी अमरसिंह आला. धुळाजीच्या प्रकारानंतर तो गाव सोडून उमापूरला सासुरवाडीत राहत होता. अप्पासमोर बसला.

"अप्पा, मी त्या दिवशी पिलो न्हवतो."

"ठाऊक हाय," अप्पा म्हणाला.

मी तिथे बसलेला होतो.

लोक म्हणतात, धुळाजी धरून बसलाय. मला ते पटत नाही. धुळाजी जिवंत होता, तेव्हाही कुणीतरी दोन ठोके दिलेच होते. विजयसिंहने बोट विकणाऱ्या गोव्याच्या माणसाला फोन लावून बघितला. तो नंबर आता लागत नाही.

बोट अजून काठावर पालथी पडलेली आहे. भंगारवाला एकदा आला होता, हात लावून परत गेला. मागच्या वर्षी मी तिकडे गेलो होतो. बगळे बसले होते, म्हणून जरा टेकलो. मग ते एकदम उठले. मी घड्याळ न बघता वाट धरली. वाटेत मागून काही ऐकू आलं का, हे मला विचारू नका. किती, तेही विचारू नका.

अप्पाने धंदा सोडला. सुनेला आणि नातीला त्यानेच पुण्याला पाठवलं.

धुळाजी वारला अठरा सालच्या जानेवारीत. संगमेश मल्लिनाथ, वय एकतीस, वारला अकरा डिसेंबर दोन हजार बावीस रोजी, रविवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी.