माझ्याआधी येऊन गेलेला

मी दात बनवते. दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो आणि त्या पांढऱ्या जबड्यावर नेमका बसेल असा दात घडवतो. माणूस कधी दिसत नाही, त्याचं तोंड तेवढं टेबलावर येतं. या कामात अंदाजपंचे काही चालत नाही. केसभर चुकलं तर तो माणूस प्रत्येक घासाला आमचा उद्धार करणार. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं ते माझ्या मनाचे खेळ म्हणून सोडून देणं सोपं आहे. मलाही तसं करायला आवडलं असतं.

लेक आठ वर्षांची. उन्हं कलली की ती दारांना, खुर्च्यांना धडकायला लागली. आधी आम्ही तिला वेंधळी म्हणून हसलो. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं की उजेड कमी झाला की हिला दिसत नाही, आणि हे बहुधा घराण्यातून आलेलं आहे. घरात आणखी कुणाला होतं, त्यांची नजर पुढे टिकली की गेली, हे कळलं तर हिचं पुढे काय होईल याचा काही अंदाज बांधता येईल, असं त्यांचं म्हणणं.

मला एक अक्षर सांगता आलं नाही. आई गेलेली. नवरा नोकरीपायी दुसऱ्या गावी, आठवड्याने उगवणारा. बाबा आमच्याकडेच राहतात, पण ते मुळात मितभाषी, आणि आई गेल्यापासून तर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे. विचारलं तर म्हणाले, त्यांच्या बाजूला असं कुणी नव्हतं, आईच्या बाजूचं त्यांना ठाऊक नाही. आणि पेपर पुन्हा उघडला.

म्हणून मी वंशावळ मंडळात जायला लागले. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी दुपारी ते भरायचं. एक लांब टेबल, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. कुणाची तरी वंशावळ भिंतीवर मावेना म्हणून जमिनीवर पसरलेली, आणि तिच्या कडेकडेने, पणजोबांवर पाय पडू नये अशा बेताने चालणारी म्हातारी माणसं. शिकवायला एक निवृत्त भूमापक होते. त्यांना सगळे खापर म्हणायचे, कारण ते कुणालाही खापरपणजोबांच्या अलीकडे थांबू देत नसत. काही चुकलं की मंडळी एकमेकांकडे बघून म्हणायची, फोडा खापर. तेही हसायचे.

त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की कागदांच्या मागे नंतर लागा, आधी जिवंत माणसांकडे जा, कागद कुठे मरत नाहीत. तारखा विचारू नका. चालायचा कसा, चिडायचा कशावरून, कुणासारखा दिसायचा, ते विचारा. आणि एका घरात ऐकलेलं खरं मानू नका. दोन वेगळ्या घरांतून, एकमेकांना न विचारता, तीच गोष्ट आली तर माणूस खरा धरायचा.

मी पहिल्यांदा आत्याकडे गेले. बाबांची मोठी बहीण, एकटी राहते, आणि पिन काढलेल्या बॉम्बसारखी कधीही बोलायला सुरुवात करते. तिने आजोबांच्या रागापासून स्वतःच्या गुडघ्यांपर्यंत सगळं सांगितलं. अंधारात न दिसणारं कुणी तिलाही आठवेना. मी निघताना ती म्हणाली की हेच सगळं तिने त्यालाही सांगितलं होतं, आता तुम्ही दोघं मिळून काय ते जुळवा.

कोण तो, म्हणून विचारलं तर ती गोंधळली. आपल्यातलाच होता, म्हणाली. अगदी घरच्यासारखा बसला, तुझ्यासारखंच खोदून खोदून विचारत होता. मंडळाचा कुणी सभासद असेल असं मी धरून चालले. शनिवारी खापरांना विचारलं. त्यांनी कुणालाही पाठवलं नव्हतं. सभासदांना स्वतःचीच माणसं आवरत नाहीत, दुसऱ्याच्या आत्याकडे कोण जाईल, म्हणाले.

दुसरं घर बाबांच्या चुलतभावाचं. काका घड्याळं दुरुस्त करतात. दुकान पुढे, बिऱ्हाड मागे. डोळ्याला भिंग लावूनच त्यांनी माझं स्वागत केलं.

"उशीर केलास," ते म्हणाले. "तुझा भाऊ येऊन गेला की."

मला भाऊ नाही. मी एकुलती एक आहे. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी भिंग काढलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने माणसं भाऊबंदकीच्या गोष्टी ऐकताना बघतात. भांडणं सगळ्याच घरात होतात, म्हणाले, पण असं तोंडाने बोलू नये. मग ते त्याचं वर्णन करायला लागले. उंच, इतका की मागच्या दाराच्या चौकटीखाली वाकून यावं लागलं. बोलणं हळू. आणि हसला की खालचा तो दात दिसतो.

तो दात मला ठाऊक आहे. समोरचा, खालचा, शेजाऱ्याच्या खांद्यावर चढल्यासारखा. आजोबांना होता, बाबांना आहे, आत्याला आहे, मला आहे. आवाज बदलता येतो, खोटी ओळख सांगता येते, पण असा दात कुणी उसना आणू शकत नाही. निदान मला कसा आणायचा ते माहीत नाही, आणि माझा तोच धंदा आहे.

घरी येऊन आत्याला फोन केला. म्हटलं, माझ्याआधी जो आला होता त्याने स्वतःला माझा भाऊ म्हणवून घेतलं का? आत्या दुखावल्या सुरात म्हणाली, म्हणवून कशाला घ्यायला हवं, मी काय त्याला ओळखत नाही? लहानपणी सुट्टीत माझ्याकडेच तर असायचा. जिन्यावरून पडला होता तेव्हा मीच रात्रभर उशाशी बसले होते.

जिन्यावरून मी पडले होते. हनुवटीखाली खूण आहे.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. कामावर एक दाढ उलटी बसवली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रस्त्याने चालताना पुढच्या वळणावर कुणीतरी नुकतंच दिसेनासं झालंय असं वाटायचं आणि मी पाय उचलायची. बाबांना सरळ विचारलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, मला तू एकच, एवढंच म्हणाले, आणि मला त्या एका वाक्याने दोन दिवस झोप लागली.

खापरांपुढे सगळं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आठवण सर्दीसारखी असते, म्हणाले. एकाला झाली की घरभर होते. कुणीतरी भामटा फिरतोय, म्हातारी माणसं त्याला स्वतःच्या आठवणी पुरवतायत. जन्मनोंदी बघून घ्या आणि पोलिसात कळवा. जन्मनोंदी मी बघितल्या होत्या. त्यात मी होते, एकटी. पोलिसांनी विचारलं की चोरी काय झाली. काहीच नाही म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग खापरांनी चष्मा पुसत, जरा संकोचून विचारलं, "दोन वेगळ्या घरांतून आलं, नाही का?"

मी माझे कागद गोळा केले.

शेवटची मावशी उरली होती, आईची मावसबहीण, निवृत्त परिचारिका. तिच्याकडे जायचं मी कुणाला सांगितलं नाही. मंडळात नाही, बाबांना नाही, तिला फोनही केला नाही. एका आडवारी कामावरून लवकर निघाले आणि पहिली मिळाली ती बस पकडली. मुद्दाम एक थांबा आधी उतरले. आपण कुणाला चकवतोय, याचं हसूही आलं.

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते. जिना एकच, अरुंद, समोरासमोर माणसं आली तर एकाने भिंतीला चिकटावं लागतं. मला कुणी भेटलं नाही.

मावशीने दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"हा आत्ता गेला. जिन्यात चुकामूक झाली का?"

आत टेबलावर दोन कप होते. एक तिचा, रिकामा. दुसरा भरलेला, त्यावर अजून साय धरायची होती.

मी बसले. मावशीने मला पाणी दिलं, नाडी बघितली, सवयच ती. मग मी विचारण्याआधीच तिने मला हवं होतं ते सांगितलं. आईच्या आजोबांना दिवेलागणीनंतर दिसत नसे. पण नजर पूर्ण कधी गेली नाही. म्हातारपणी भर दुपारी स्वतः सुईत दोरा ओवायचे. ज्यासाठी एवढी वणवण केली ते उत्तर माझ्या हातात होतं, आणि मला त्याचा आनंद करायला सवड नव्हती.

"मावशी, माझ्या वेळी आईजवळ तू होतीस?"

"मीच होते. मीच तुला पहिल्यांदा हातात घेतलं. एवढीशी मूठ होती तुझी."

"आणि आणखी कुणी?"

"नाही गं. तू एकटीच झालीस." तिने टेबलाकडे पाहिलं. तिचा आवाज खाली आला. "मग हा कोण, हे त्याला विचारायला हवं होतं. सुचलंच नाही मला. घरच्या माणसाला कोण असं विचारतं?"

त्याने काय विचारलं, म्हणून मी विचारलं. पणजोबांचं काही नाही, ती म्हणाली. सगळं तुझ्या लेकीचं विचारत होता. शाळा कुठली, चित्रकलेच्या तासाला किती वेळ थांबते, न्यायला कोण जातं. अंधारात तिला खरंच काही दिसत नाही का, हे पुन्हा पुन्हा विचारलं.

मी पर्स तिथेच विसरले.

दिवस लहान झाले होते. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा आभाळात फक्त एक राखाडी पट्टा उरला होता. चित्रकलेच्या बाई कुलूप लावत होत्या. मला बघून त्या हसल्या.

"मामा घेऊन गेले तिला. उंच आहेत हो तुमचे भाऊ."

अनोळखी माणसाबरोबर मूल सोडलंत कसं, असं मी ओरडले. त्यांचं हसू मावळलं. ती आपणहून धावत गेली, म्हणाल्या. मामा म्हणत.

मी पळाले. वाटेत काय लागलं ते आठवत नाही.

दार बाबांनी उघडलं.

लेक आतल्या खोलीत होती. दिव्याखाली पालथी पडून चित्र रंगवत होती. मी तिचे हात, गुडघे, कपाळ तपासलं. कुठे खरचटलंही नव्हतं.

बाहेर आले. बाबा भिंतीला टेकून उभे होते. ते रडले होते. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"कुठाय तो?"

"गेला."

"बाबा, तुम्हीच म्हणाला होतात, मी एकच."

"म्हणालो होतो." त्यांनी बाहीने डोळे पुसले. "त्याला बघेपर्यंत." मग चाचरत म्हणाले, "तू घरोघर जाऊन सगळ्यांची चौकशी करत होतीस ना. तो म्हणाला, 'माझी कुणी केली नाही, म्हणून मीच विचारत विचारत आलो.'"

मी आत जाऊन लेकीजवळ जमिनीवर बसले. ती आकाश रंगवत होती, रेघेबाहेर जाऊ न देता.

मागच्या गल्लीने आलो, तिने सांगितलं. त्या गल्लीत दिवे नाहीत. भर संध्याकाळी माझं बोट धरूनही ती तिथे पाऊल टाकत नाही. आज ती कुठेही अडखळली नव्हती.

"मामा दिसतो कसा?"

"मला कुठे दिसला? अंधार होता ना."

"मग चाललीस कशी?"

"हात धरून."

मी माझा हात पुढे केला. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "असाच होता का हात? एवढा मोठा?"

तिने खडू बाजूला ठेवला. माझा हात दोन्ही हातांत घेऊन उलटसुलट बघितला आणि मान हलवली.

"छे. एवढासा होता," ती म्हणाली, आणि आपली छोटी मूठ मिटून मला दाखवली. "सगळा इथे मावत होता. सुटू नये म्हणून मीच घट्ट धरला होता त्याला."