सात तोंडांचा हब आणि पालथा हात

शेजारचं दुकान त्या दिवशी बंद नसतं, तर तो तिच्या दुकानाची पायरी चढलाच नसता. चढला, चष्मा पुसला, आणि नाणी खणायला हब हवाय म्हणाला.

तिच्यासमोर एक इस्त्री उघडी पडली होती. तिने मान वर केली नाही.

"फावडी समोरच्या गल्लीत मिळतात."

तो हसला नाही. खिशातून पेनड्राइव्हएवढ्या पाच काड्या काढून त्याने काउंटरवर ओळीत मांडल्या. मावसभावाने हौसेने घेतल्या होत्या, हौस फिटली तशा याच्या गळ्यात मारल्या. दिवसभर गणितं करत बसतात म्हणे, आणि त्यातून डिजिटल नाणी निघतात. पण कॉम्प्युटरच्या यूएसबीला त्यांची भूक भागत नाही. स्वतःची वीज असलेला हब, म्हणजे एका यूएसबीची अनेक तोंडं करणारा डबा, लागतो.

"दिवसभर चालू राहणार? घरात कोण असतं?"

"आत्या."

"आणि किती नाणी निघतील असं वाटतंय?"

"काही वाटत नाही. खरंच खणतं का, तेवढं बघायचंय."

झटपट श्रीमंत व्हायला निघालेली माणसं तिने पाहिली होती. हा त्यातला वाटेना, म्हणूनच तिला संशय आला. तिने मुद्दाम चकचकीत खोका पुढे सरकवला. दहा तोंडांचा हब, वर सोनेरी अक्षरं. त्याने सोनेरी अक्षरं सोडून तळाचा बारीक मजकूर वाचला.

"एक काडी एक अँपिअर ओढते. पाचांना पाच लागणार. ह्याचा अडॅप्टर दोनचा. ताट दोघांचं आणि पंगतीला दहाजण?" त्याने खोका परत ढकलला. "असला माल ठेवता कशाला?"

"कोण विचारतं ते बघायला."

आता तिने मान वर केली. बुबुळं तपकिरी, डावी भुवई किंचित वर… जणू तिलाही त्याने तळापासून वाचायला घेतलं होतं.

मग तिने आतला हब काढला. दिसायला ओबडधोबड, धातूचा, सात तोंडांचा. जाड वायर, सात अँपिअरचा अडॅप्टर. एखाद्या काडीने जास्त ओढलं तर तेवढंच तोंड बंद होणार, आणि वीज उलटी फिरून कॉम्प्युटरमध्ये घुसणार नाही. काड्या पाचच लावायच्या, दोन तोंडं रिकामी ठेवायची, तिने बजावलं.

"का?"

"गळ्यापर्यंत जेवलं की माणूससुद्धा तापतो. बसा. तास लागेल."

*

तास का, ते बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्याच दुकानातून गेलेल्या एका अडॅप्टरने गिऱ्हाइकाचा पडदा जाळला. माणसं वाचली, पण तिचं तोंड दुधाने पोळलं ते पोळलंच. माझ्या हातून गेलेली वस्तू पुन्हा तापली, तर शटर कायमचं खाली, भाऊजींच्या फर्निचरच्या शोरूममध्ये सोफे विकीन, असं तिने तेव्हा मामांना सांगून टाकलं. दुकान मूळचं मामांचं. तेव्हापासून प्रत्येक वस्तू पूर्ण भारावर एक तास चालवायची आणि मग वर पालथा हात ठेवायचा. तळवा तारांना कथलाचे डाग देऊन देऊन निबर झालेला, तो खोटं बोलतो. पालथा हात बोलत नाही.

बाजार तिला तासबाई म्हणायचा.

*

*तपासणी पहिली. भार: पाच काड्या. वेळ: एक तास. हब: थंड. गिऱ्हाईक: प्रश्न जरा जास्तच विचारतं.*

*

सहाव्या दिवशी तो परत आला. हब रुमालात गुंडाळलेला.

"गरम होतो."

तिची नजर शटरकडे गेली. तोंडाने मात्र ती एवढंच म्हणाली, की बसा. तो बसला. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली त्याने स्वतःच पुठ्ठ्याची घडी सरकवली. तासाभरात त्याने सोफ्यांची हकिकत काढून घेतली, आणि तो आत्याच्या हातचं खारट जेवण बारा वर्षं न बोलता जेवतोय, हे तिला कळलं. शेवटी तिने पालथा हात ठेवला.

थंडगार.

"घरी गरम होता," तो म्हणाला.

"इथे नाहीये."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. जरा जास्तच वेळ.

तिने दुसरा कोरा हब दिला. देण्याआधी पाठ फिरवून तळाच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका ठेवला. आत हात घातलास तर कळेल बेट्या.

*तपासणी दुसरी. हब: थंड. गिऱ्हाईक: खोटं बोलतं? (कशासाठी?)*

*

आठवड्याने पुन्हा. तोच रुमाल, तेच वाक्य, पण या वेळी आवाज पडलेला.

"गरम होतो. दुपारी घरी गेलो की चटका बसतो."

तास. स्टूल. या वेळी तिने दोन कप चहा मागवला, आणि आपण असं का केलं याचाही तिला संशय आला. हब थंड निघाला. ठिपका शाबूत होता. पण तळाच्या रबरी पायाखाली पेन्सिलची एक बारीक फुली होती. ती तिची नव्हती.

तो तिसरा हब घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा विषय निघाला, तसा मामांनी पेपर खाली केला.

"पोरी, तो वजनकाटे तपासणारा साहेब आहे. मागच्या महिन्यात भाजीवाल्याचा काटा सील केला त्याने."

म्हणजे फुली पुराव्याची! म्हणजे चहा, आत्या, खारट जेवण… सगळं सोंग. तिला राग आला, आणि राग काट्यापेक्षा चहाचाच जास्त आला. बिलावर पत्ता होता. तिने मीटर आणि तो फुलीवाला हब पिशवीत टाकला.

"कुठे निघालीस?"

"चौथी तपासणी. जागेवर."

*

दार आत्यांनी उघडलं. पिशवीतला मीटर पाहून तिला वीजकंपनीची समजल्या, मीटर बाहेर जिन्याखाली आहे म्हणाल्या.

"मी हबवाली. दुकानातून आलेय."

"अगंबाई, तासबाई! ये ये. रोज जेवताना तुझंच पुराण असतं."

तिने खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात टेबल होतं, कॉम्प्युटर होता. हब दिसत नव्हता. हबच्या जागी दुहेरी घडी घातलेली रजई होती.

"ते होय? त्या काड्या गार ठेवायला लावलेला पंखा मेला डासासारखा गुणगुणतो. मी दुपारी आडवी झाले की झाकते, आणि तो यायच्या आत काढते. त्याला नको हो सांगूस, तासभर व्याख्यान देईल."

तिने रजईखाली पालथा हात घातला आणि झटकन मागे घेतला. आधी भिंतीतला प्लग उपटला, मग रजई उचलली. आतलं अस्तर गोल पिवळं पडलं होतं. आज ती चिडली नसती तर… ती खुर्चीवर बसली.

तेवढ्यात तो आला. दारातच थांबला. रजई पाहिली, अस्तर पाहिलं, आत्याकडे पाहिलं. आत्यांना स्वयंपाकघरात एकदम काम आठवलं.

"म्हणजे हब चांगला होता," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला शटर पाडायला नको."

"सोफ्यांचं ठाऊक असून तक्रार घेऊन आलात?"

"दुसऱ्यांदा येताना दोनदा अर्ध्या रस्त्यातून फिरलो. पण गरम होता तर थंड कसा म्हणू?"

त्या वाक्याचं तळाचं बारीक अक्षरसुद्धा खरं होतं. तरी तिने पिशवीतून हब काढून उलटा धरला.

"आणि ही फुली?"

"परत आलेलाच हब तुम्ही नवा म्हणून देता का, ते बघायला." तो चाचरला. "आणि… स्क्रूवरचं नेलपॉलिश?"

"तुम्ही आतलं काही काढून घेता का, ते बघायला."

मग ती हसली, आणि तोही. पहिल्यांदाच हसला.

"नाणी किती निघाली?"

"चहाचा कप सोडा, बशीसुद्धा येणार नाही."

"मग बंद का नाही केलं?"

त्याने चष्मा काढला. पुसला. आधीच स्वच्छ असलेला पुन्हा पुसला.

"बंद केलं असतं, तर त्या स्टुलावर बसायला… कुठलं कारण आणणार होतो?"

"हे खरं कशावरून?"

"तपासा ना."

तिने हात उचलला, आणि पालथा करून अलगद त्याच्या गालावर टेकवला. तो हलला नाही.

"काय गं," आत्यांनी आतूनच विचारलं, "तापलाय का?"

"एवढ्यात नाही सांगता यायचं, आत्या," ती हात तसाच ठेवून म्हणाली. "तास लागतो."