ओतीव बिल्ला

ही गोष्ट खरी आहे.

मला ओळखणारे इथेच हसतील. हसू द्या. मी थापाड्या माणूस आहे, नाकारत नाही. एका मांजराने मला रस्त्यात पत्ता विचारला, हे मी शपथेवर सांगून चारचौघांना पटवलेलं आहे.

पण थाप मारायची तर शेवट घट्ट बांधावा लागतो. या गोष्टीचा शेवट मला आजवर बांधता आलेला नाही. त्यावरूनच काय ते ओळखा.

आणि हो, रात्र नव्हती. अमावास्या, वारा, कुत्र्यांचं रडणं, यातलं काही नव्हतं.

रविवार होता. भर दुपार. ताईच्या स्वयंपाकघरातलं टेबल, आणि खिडकीतून थेट टेबलावर पडलेलं ऊन.

त्या उन्हात मी जे पाहिलं, ते सांगतो.

आधी माझ्याबद्दल. जन्मभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासले. नाद मात्र जुन्या फौजी बिल्ल्यांचा. टोपीवरचे, खांद्यावरचे, छातीवरचे. बायको म्हणते, "घरात उंदीर आला तर पलंगावर चढतात, आणि कपाटात अख्खी फौज!"

या नादात खऱ्यापेक्षा खोटंच फार. नकला करणारे एकेक वस्ताद असतात. फसत फसत नजर तयार झाली. भिंग कायम खिशात. त्यावरून भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मला 'भिंगोबा' म्हणायचे.

भावजी फौजेत होते. लढाईवर गेले आणि हरवले.

बेपत्ता. एवढाच शब्द घरी आला. देह नाही. टोपी नाही. काही नाही.

ताईने वाट पाहिली. वर्षं गेली. आधी रडायची. मग रडायची थांबली. मग कशालाच काही म्हणेना. दूध उतू जायचं, आणि ती शेजारी उभी राहून बघत राहायची.

आणि मग... भावजी परत आले.

एक गाडी आली. दोन माणसांनी त्यांना दारात उतरवलं आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेली. कागद सगळे बरोबर. चेहरा तोच. आवाज तोच. भुवईवरचा व्रणही तोच. शेजारीपाजारी धावले. मी तर गळ्यात पडून लहान पोरासारखा रडलो.

ताई रडली नाही.

दाराला टेकून उभी होती. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हात धुऊन घ्या. वाढते."

मला वाटलं, इतक्या वर्षांचं दुःख, बाई बधिर झालीय. येईल हळूहळू भानावर.

काही महिने गेले आणि तिचा फोन आला.

"रविवारी ये. भिंग आण. आणि यांच्या पलटणीचा तुझ्याकडे एक बिल्ला आहे ना, अस्सल? तोही आण."

"का गं? भावजी पण माझ्या नादाला लागले की काय?"

"ये म्हटलं ना."

गेलो. तिने मला टेबलाशी बसवलं आणि भावजींच्या टोपीवरचा बिल्ला समोर ठेवला. ते परतताना घालून आले होते, ती टोपी.

"खरा आहे का बघ."

मला हसू आलं. अशा गोष्टी मला जिलबीसारख्या. भिंग लावलं... आणि लगेच कळलं.

"नक्कल आहे ताई. ओतीव."

"म्हणजे?"

"खरा बिल्ला पत्र्यावर ठसा ठोकून करतात. रेघ न् रेघ धारदार येते. नक्कल करणारा काय करतो, खऱ्या बिल्ल्यावर माती दाबतो, साचा घेतो आणि त्यात पितळ ओततो. मग रेघा बोथट येतात. हे बघ, सुई टोचल्यासारखी बारीक भोकं. हवेचे बुडबुडे. पितळ उघडं पडलं म्हणतात ना, ते असं."

ती हसली नाही.

मी माझा अस्सल बिल्ला शेजारी ठेवला. "आता गंमत बघ. दोन्हींत काय फरक?"

तिने वाकून पाहिलं. "हा लहान आहे. जरासा."

"शाबास! तापलेला धातू निवताना आक्रसतो. म्हणून ओतीव नक्कल खऱ्यापेक्षा नेहमी केसभर लहान निघते."

"सगळीकडून? सारखीच?"

"सगळीकडून. म्हणून तर एकटी पाहिली तर कळत नाही. शेजारी खरं ठेवावं लागतं."

ताईने दोन्ही बिल्ले पुन्हा एकमेकांना लावून पाहिले.

मीच समजूत घातली, "अगं, फौजेत बिल्ले हरवतात. पोरं बाजारातून दुसरा आणून लावतात. त्यात काय एवढं?"

ती उठली. आतून भावजींचा जुना कोट आणला. लढाईवर जाण्याआधीचा. जुनी टोपी आणली. जुने बूट आणले.

सगळं टेबलावर ठेवलं. बिल्ल्यांच्या शेजारी.

मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "जरा बाहेर येता का?"

भावजी आले.

पावलं वाजली नाहीत... मी दाराकडे बघत होतो म्हणून कळलं, ते आले.

"काय भिंगोबा! आज काय पकडलंत?"

तोच आवाज. तेच मिश्कील डोळे. ते खुर्चीवर बसले. ती खुर्ची जुनी, मोडकी. मी बसलो तरी बोंबलते.

भावजी बसले...

खुर्ची गप्प.

"हा कोट घाला बघू," ताई म्हणाली.

त्यांनी मुकाट्याने घातला. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या. खांदे खाली उतरले. मी म्हटलं, "वाळलात हो भावजी. तिथलं खाणं काय असणार!"

ताईने जुनी टोपी उचलली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली.

टोपी घसरली... आणि भुवयांवर येऊन थांबली.

माणूस वाळतो. डोक्याची कवटी वाळत नाही.

मी ताईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. भीती नाही, राग नाही. धुतलेल्या पाटीसारखा चेहरा.

"मी चहा टाकते," ती म्हणाली आणि आमच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिली.

भावजी माझ्याकडे वाकले. हळूच म्हणाले, "भिंगोबा, एक विचारू? हसणार नाही ना?"

"विचारा."

"पेला हातात धरला की मोठा वाटतो. दाराची कडी उंच वाटते. मला सगळं आठवतं हो. हिचं माहेर, आमचं लग्न, तुम्ही माझ्या सायकलवरून पडलात तेसुद्धा. पण सगळ्या वस्तू माझ्यापेक्षा मोठ्या झाल्यात. असं होतं का माणसाला?"

मी टेबलावरचं भिंग उगाच पुसलं.

"तुम्ही खोटं ओळखता ना?" ते म्हणाले. "मग मला बघा."

त्यांनी आपण होऊन चेहरा उन्हात धरला.

मी भिंग लावलं. काही वाटतच नव्हतं. मीटर वाचतो तसा मी भावजींना वाचत होतो.

भुवईवरचा व्रण. कडा बोथट. गालावर बारीक बारीक भोकं. माणसाच्या त्वचेला रंध्रं असतात, मान्य. पण रंध्रातून केस येतो. घाम येतो.

ही नुसती भोकं होती.

आमच्या नादात एक रीत आहे. मागची बाजू पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. ठोकीव बिल्ल्याला पुढे जिथे उंचवटा, तिथे मागे खड्डा असतो. ओतीव बिल्ला मागून सपाट. नक्कल करणारा पुढची बाजू जिवापाड करतो. मागे कोण बघतंय?

"भावजी," मी म्हटलं, "कोट आणि सदरा काढून जरा वळता का?"

ते वळले.

पाठीच्या कण्याची पन्हळ नव्हती. खांद्यांची हाडं नव्हती. तीळ, डाग, काही नव्हतं. ऊन त्या पाठीवर पडलं होतं आणि सावली पडायला कुठे जागाच नव्हती.

सपाट.

"काय दिसतं?" भावजींनी विचारलं. "मला कधी बघता आलं नाही."

आधण उकळत होतं.

मी उत्तर द्यायच्या आत ताई पुढे आली. तिने त्यांना सदरा घातला. बटणं लावली, एकेक करून, शाळेत जाणाऱ्या मुलाची लावावीत तशी. टोपी उतरवून ठेवली.

"तुला केव्हा कळलं?" मी विचारलं. त्यांच्यासमोरच विचारलं.

"दारात उभे होते तेव्हाच. चौकटीत डोकं कुठवर यायचं ते मला ठाऊक नाही होय?"

"मग मला कशाला बोलावलंस?"

"एक विचारायचं होतं." तिने चहा गाळला. कप आमच्यापुढे ठेवले. "तू म्हणालास, नक्कल करायची तर खऱ्यावर माती दाबावी लागते. म्हणजे खरा करणाऱ्याच्या हातात असावा लागतो ना?"

"लागतो."

"आणि साचा घेतल्यावर? खऱ्याचं काय होतं? मोडतो?"

"नाही गं. पुसून ठेवतात. खरा तसाच राहतो."

ताईचा हात कपावर थांबला. मग तिने भावजींकडे पाहिलं.

"सगळं आठवतं म्हणता. मग शेवटचं काय आठवतं?"

भावजी विचार करू लागले. विचार करताना नाकपुडी खाजवायची सवयसुद्धा तीच.

"ओली माती," ते म्हणाले. "गार. तोंडावर कोणीतरी दाबत होतं. जोरात नाही, हलक्या हाताने. म्हणत होतं, हलू नका... हलू नका."

"मग?"

"मग मी उठलो."

"आणि?"

"शेजारी कोणी पडलं होतं."

"कोण?"

भावजींनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. आपलं काही चुकतंय का, अशा नजरेने.

"माझ्यासारखाच होता," ते म्हणाले. "जरासा मोठा."

मी कप खाली ठेवला. त्याचा आवाज मला फार मोठा वाटला.

ताईने विचारलं, "जिवंत होता?"

"तोही उठत होता. त्याला माती दाबणारे म्हणाले, तुम्ही नाही... तुम्ही पडून राहा."

भावजी परतल्यापासून ताई त्या दिवशी पहिल्यांदा रडली. आवाज नाही, हुंदका नाही. नुसतं पाणी वाहत होतं. आणि भावजी आपल्या हातरुमालाने ते टिपत होते. हात जरासा लहान होता, एवढंच.

निघताना मी जिन्यात तिला म्हटलं, "माझ्याकडे चल. या... या माणसाबरोबर राहू नकोस."

"हाकलू कुठे त्याला? त्याला तर आपलं घर हेच वाटतं." मग म्हणाली, "आणि तो रोज थोडं थोडं जास्त सांगतो. काल नदीचं सांगितलं. एक दिवस तिथला रस्ता सांगेल."

पुढे मी कमी जायला लागलो. खोटं कशाला बोलू, पाय वळत नव्हते. फोनवर विचारायचो, "काय म्हणतेस?" ती म्हणायची, "ठीक." विचारायचो, "भावजी?" म्हणायची, "ठीक."

मधे कितीतरी दिवस तिचा फोन लागेना. शेजारीण म्हणाली, दोघं कुठेतरी गावाला गेलेत. कुठे, ते सांगून गेले नाहीत.

मग एका दुपारी फोन लागला. मी उठून गेलो.

घर तसंच. टेबल तसंच. भावजी खुर्चीत बसलेले. "या भिंगोबा," म्हणाले. नेहमीपेक्षा हळू आवाजात.

ताई मोरीत कपडे भिजवत होती. मी दारात उभा राहून बोलत होतो आणि सवयीने नजर बादलीकडे गेली.

दोन शर्ट होते. एकाच रंगाचे. एक जरासा लहान.

लहान शर्टाची कॉलर कोरी करकरीत. घातलेला होता, चुरगळलेला होता. पण मळ नाही.

मोठ्या शर्टाची कॉलर...

मळलेली होती. बरोबर घडीवर. मान जिथे घासते तिथे गडद, आणि कडेला फिकट होत गेलेली.

वाळूने घासून, चहाचं पाणी लावून लोक बिल्ल्यांवर खोटी झीज आणतात. मी हजार पाहिल्यात. ही तशी नव्हती. ओळखायला भिंग लागलं नाही.

"ताई," मी म्हटलं.

तिने हात पुसले. चहा ओतला. चार कप.

मी मोजले. तिने मला मोजताना पाहिलं.

मग आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे तोंड करून ती म्हणाली, "अहो... उठलात का? चहा झालाय."

माझ्यासमोर बसलेल्या भावजींनी मान वळवली नाही. ते फक्त खुर्चीतून उठले. खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. जागा करून दिल्यासारखे.

आत कॉट करकरली...

कोणाचं तरी पाऊल जमिनीवर टेकलं. वजनदार.

मी थांबलो नाही. चपला हातात घेऊनच जिना उतरलो. ताईने मला थांबवलं नाही.

जो बाहेर येत होता तो खरा होता, की आणखी एका साच्यातला, मला माहीत नाही. बघायला हवं होतं. ते काम माझंच होतं.

आता लोक बिल्ले घेऊन येतात, बघा म्हणतात. मी पुढची बाजू बघतो आणि परत देतो.

उलटा करून बघत नाही.