वॉडलीचा मुखवटा

"क्रीक?" गोष्ट सुरू करायची हाक ओव्हिलकाकांनी अंधारातून दिली.

"क्राक!" व्हरांड्यात बसलेली पोरं एका सुरात ओरडली.

"हळू रे, म्हाताऱ्याचे कान फाडाल. आणि हात चालू ठेवा. उद्या मिरवणूक आहे आणि निम्म्या मुखवट्यांना अजून रंगाचा पत्ता नाही. वीज गेली म्हणून काम थांबत नसतं. कंदील पुढे घे, नादेज. ऐका आता. गोष्ट म्हणून सांगतोय, पण घडलेलं आहे. इथंच, जाकमेलात, आपल्या ह्याच कलाकेंद्रात. सेनेलुसला तुम्ही पाहिलं नाहीत. मुखवट्यांचं काम तेव्हा तो बघायचा. माझ्या शेजारच्या पाटावर बसायचा."

कार्निव्हलच्या आदल्या दिवसाची, शनिवारची रात्र होती, अशीच. सेनेलुस घरातून निघाला तो फक्त एक मुखवटा आणायला. काम तेवढंच. केंद्राचं कुलूप उघडायचं, दोरीवरचा मुखवटा काढायचा, घरी न्यायचा आणि परसात जाळून टाकायचा. बायकोचा तसा हुकूम होता.

"जाळायचा? केलेला मुखवटा?" नादेजनं विचारलं.

"तोंड आवरशील तर सांगीन ना, बाई."

तर, वॉडली. सेनेलुसचा एकुलता एक मुलगा. केंद्राच्या नाचाच्या वर्गात लहानाचा मोठा झालेला. वटवाघळाचे पंख बांधून रस्त्यात उतरला, की बघता बघता बायकांची तळणीतली केळी करपायची. डावा पाय नेहमी किंचित उशिरा टाकायचा. ढोलवाल्याला मुद्दाम खिजवायचा मेला! एप्रिलात तो इतर पोरांसारखाच होडीत बसला, पलीकडच्या बेटांवर कामाला जायला. होडी पोचलीच नाही. एक फळकूटसुद्धा हाती लागलं नाही.

आता बुडालेल्याचं काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. वर्ष आणि एक दिवस तो पाण्याखाली. मग त्याला नावानं हाक मारायची, वर घ्यायचं, मडक्यात बसवायचं. तेव्हा तो घरच्यांशी बोलतो. वॉडलीची आई, इमाकुला, त्या दिवसाकडे डोळे लावून जगत होती. म्हणायची, "पोरगा निघाला तेव्हा मी बाजारात होते. जाताना काय म्हणाला, मला ठाऊक नाही. तेवढं एक त्याच्या तोंडून ऐकू दे, मग देवानं मला उचललं तरी चालेल."

पण कार्निव्हल आला फेब्रुवारीत, वर्ष भरायच्या आत. नाचातली पोरं सेनेलुसच्या गळ्यात पडली. काका, वॉडली आमच्यात पाहिजे, त्याचा मुखवटा करा. बापाचं मन ते, नाही म्हणतंय कशाला? त्यानं मातीत पोराचा चेहरा घडवला, वर सिमेंटच्या पिशव्यांचा कागद थरावर थर चिकटवला. हुबेहूब वॉडली. हनुवटीवरच्या खाचेसकट.

दुपारी इमाकुला डबा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"हे काय केलंस?"

"पोरांनी मागितला गं. कागद आहे आणि कासाव्याच्या कंदाची खळ. बाकी काय आहे त्यात?"

"कागद म्हणे! अरे, तो अजून खाली आहे. वर आपलं तोंड तयार दिसल्यावर हाकेची वाट बघेल का? न बोलावता येईल. मग मी कोणाला हाक मारू, तुझ्या खळीच्या पातेल्याला?"

सेनेलुस हसला. पुरुषांना असल्या वेळी हसायचंच सुचतं.

मुखवटा मात्र वाळेना. फेब्रुवारीचं ऊन तुम्हाला माहीत आहे. सकाळी भिंतीवर ठेवलेला मुखवटा संध्याकाळी रंगायला येतो. ह्याच्या बाजूचे सगळे वाळले, रंगले. हा रोज सकाळी ओला. शनिवारी तर हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. सेनेलुसनं बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं.

खारट.

घरी जाऊन त्यानं खालमानेनं सांगितलं, "तुझं खरं होतं."

"मग बसलास काय? जा. आण तो. जाळ."

म्हणून तो निघाला होता. गल्लीत कुत्री भुंकत होती, कुठं तरी ढोलाची तालीम चालली होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं. कुलूप निघालं. मोबाइलच्या उजेडात भिंतीवरचे पत्र्याचे सूर्य चमकले, टिकल्यांचे झेंडे चमकले. दोरीवर सगळे ओळीनं होते. बैल, बिबळे, शिंगवाले सैतान.

मध्ये एक जागा मोकळी.

पोरांनी खाली ठेवला असेल, असं त्याला वाटलं. खाली पाहिलं. नव्हता. जमिनीवर पाण्याचे थेंब होते. नाचाच्या खोलीकडे गेलेले.

तेवढ्यात आतून आवाज आला.

थप्. थप्... थप्.

अनवाणी पाय. ढोल नाही, ताशा नाही. नुसते पाय. आणि डावा... डावा किंचित उशिरा.

सेनेलुस दारात जाऊन उभा राहिला. उजेड वर करायचं धाडस होईना. अंधारात कोणी तरी नाचत होतं. संथ. पाण्यात चालल्यासारखं.

"वॉडली?"

पाय थांबले.

ते वळलं. मुखवटा त्याच्याकडे होता. हनुवटीवरून पाणी टपकत होतं.

"बाळा... कुठं होतास रे?"

मग त्याचा हात वर आला. हळूहळू. मुखवट्याच्या कडेला बोटं लागली... उचलायला लागली...

बघा पोरांनो, दहा महिने बाप ह्याच चेहऱ्यासाठी तळमळत होता. चर्चमध्ये मेणबत्त्या लावत होता. आणि आता तो समोर उघडणार होता. पण पाण्यात दहा महिने राहिलेला चेहरा... कसा असेल?

"नको!" सेनेलुस किंचाळला. "काढू नकोस! राहू दे... तसाच राहू दे!"

हात थांबला.

मग हात खाली आला. लहानपणापासून गुणी पोर. बापाचा शब्द कधी मोडला नव्हता.

सेनेलुसनं उजेड वर केला. खोली रिकामी. मुखवटा जमिनीवर उताणा पडलेला. त्यानं उचलला तर कोरडा ठणठणीत! टिचकी मारली तर टणटण वाजला.

जाळायला हवा होता. पण कोरड्या, सुंदर, पोटच्या पोराच्या तोंडाला काडी कशी लावणार? तुम्ही लावाल? त्यानं तो फडक्यात गुंडाळला, कोठारातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला, कुलूप लावलं आणि घरी जाऊन सांगितलं, "जाळला." इमाकुलानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या रात्री बिचारी शांत झोपली.

वर्ष आणि एक दिवस झाला. पांढऱ्या चादरींचा तंबू उभारला, आत पाण्याचं घंगाळ ठेवलं. आणखी दोन-तीन घरची माणसं होती, त्यांचेही बुडालेले होते. पुजारीण तंबूतून हाक मारी, पाणी खळबळे आणि आतून आवाज येई. एका म्हाताऱ्यानं वर येताच विचारलं, "माझी कॉफी कुठाय?" एकानं सुनेला फैलावर घेतलं. माणसं रडत होती, हसत होती. मडकी एक-एक करून भरत होती.

"वॉडली!" पुजारणीनं हाक मारली.

इमाकुला मडकं पोटाशी धरून पुढं सरकली.

"वॉडली!"

पाणी... हललं नाही.

"वॉडली..."

ढोल थांबले. पुजारीण बऱ्याच वेळानं बाहेर आली. इमाकुलाच्या हातातलं मडकं तिनं हळूच खाली ठेवलं.

"इमाकुला, हा खाली नाही गं. ह्याला आधीच कोणी तरी वर घेतलंय."

इमाकुलानं नवऱ्याकडे पाहिलं.

"जाळलास ना?"

सेनेलुस घंगाळाकडे बघत राहिला.

"जाळलास ना रे?"

ती उठली आणि चालायला लागली. तो मागोमाग. विधीच्या पांढऱ्या कपड्यांतच दोघं केंद्रात आले. कोठार उघडलं, पेटी उघडली. आत सगळं कोरडं, वर धूळ. तिनं फडकं सोडलं, मुखवटा हातात घेतला आणि उलटा केला.

तुम्ही दिवसभर मुखवटा घालून नाचता. संध्याकाळी काढता तेव्हा आतून, तोंडापाशी, कागद कसा झालेला असतो? श्वासानं मऊ. दमट.

दोन महिने पेटीत पडलेला तो तसा होता.

इमाकुलानं तिथं गाल टेकवला. डोळे मिटले.

"कोमट आहे," ती म्हणाली.