मोहरीच्या फुलाची चोरी

गावच्या झऱ्याला बसवलेल्या नळाखाली झोर्नित्सा बादली भरत होती. कानामागे मोहरीचं पिवळं फूल खोचलेलं. तेवढ्यात एक अनोळखी तरुण धावतच आला आणि त्यानं ते फूल हिसकावून घेतलं!

झऱ्यावरच्या बायका बघतच राहिल्या. मग एकदम हसत सुटल्या.

"अगं बाई! दिसतो सोफिया शहरातला, पण पोराला रीत ठाऊक आहे हो," पेना मावशी म्हणाल्या.

तरुण गोंधळला. "हे त्या कुंपणातल्या शेतातलं ना? या मोहरीनं जमिनीतलं शिसं ओढलंय. विषारी आहे ती—"

"मी काय फूल खाणार होते? माझंच शेत आहे ते." झोर्नित्साचे कान लालेलाल झाले होते. "आणि झऱ्यावर मुलीचं फूल पळवलं की काय अर्थ होतो, माहीत आहे?"

"...काय होतो?"

"मावशीला विचारा."

त्यानं विचारलं. फूल पळवणं म्हणजे मुलीला लग्नाची मागणी घालणं! मग त्याचेही कान लाल झाले.

त्याचं नाव यावोर. माती तपासायला आला होता. नदीपलीकडचा शिशाचा कारखाना कधीच बंद पडला, पण त्याची धूळ शेतात मुरून राहिली होती. ते शिसं शोषून घ्यावं म्हणून झोर्नित्सा आणि तिचे वडील दरवर्षी मोहरी पेरायचे, कापायचे आणि नष्ट करायला ट्रकमध्ये भरून द्यायचे. शेळीलासुद्धा त्यातलं पान द्यायचं नाही. पुढच्या वसंतातही माती नापास झाली, तर शेत कायमचं बंद होणार होतं. मग झोर्नित्साला इटलीत आत्याकडे, हॉटेलात कामाला जावं लागणार... दुसरी वाट नव्हती.

यावोर नमुने न्यायला येत राहिला. कधी कधी नमुने न्यायचे नसले तरीही.

"माझं फूल दे ना परत," ती म्हणायची.

"बाटलीत बंद आहे. पुरावा आहे तो."

"कसला?"

"चोरीचा."

पुढच्या वर्षी मे महिन्यात तो बांधावरून ओरडतच आला. "खालची पट्टी... ओढ्याकडची... स्वच्छ! वरच्या भागाला अजून काही वर्षं लागतील, पण इथं बटाटे लाव, टोमॅटो लाव, काय वाट्टेल ते लाव!"

झोर्नित्सानं आनंदानं आरोळीच ठोकली. वडील खाली बसले. मूठभर माती घेऊन तिचा वास घेत राहिले. मग घरात जाऊन त्यांनी एक कुंडी आणली. झोर्नित्साच्या आईचं जिरॅनियमचं रोप. ती गेल्यापासून ते कुंडीतच होतं. खालच्या पट्टीत पहिलं तेच लागलं.

ते फुललं त्या रविवारी झोर्नित्सा झऱ्यावर आली. कानामागे गुलाबी फूल. बायका पुन्हा बघू लागल्या.

यावोर समोर उभा होता, हात खिशात.

"कुठलं हे?"

"खालच्या पट्टीतलं."

"तपासलंय?"

"तूच तर तपासलंस."

तरी तो हलेना. पेना मावशींना राहवेना. "अरे, तेव्हा तर धावत आला होतास!"

"तेव्हा मला अर्थ माहीत नव्हता, मावशी."

"आणि आता?" झोर्नित्सानं विचारलं. उत्तराची वाट न बघता तिनं मान त्याच्याकडे कलती केली. "हळू घे... आईच्या झाडाचं आहे."

त्यानं दोन्ही हातांनी अलगद ते फूल काढलं.

"आत्याला काय कळवू?" तिनं हळूच विचारलं.

"कळव, चोर सापडला म्हणून."

बादली केव्हाची भरून वाहत होती. नळ बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.