देल्फिनाच्या तीन बाटल्या

शनिवारी सकाळी सात वाजता म्हातारी देल्फिना आपल्या खुर्चीत मरून पडलेली सापडली, आणि नऊ वाजायच्या आत सीमेलगतच्या युमा शहराबाहेरच्या त्या ट्रेलरवस्तीनं तिच्या सुनेला दोषी ठरवूनही टाकलं. वस्तीला पुरावा लागत नाही. सून पुरते.

तपास अधिकारी एदुविहेस उर्किदेस याच वस्तीत लहानाची मोठी झालेली. डॉक्टरांनी तिला फोनवरच सांगितलं होतं, रक्तातली साखर भलतीच चढली होती, तीन-चार दिवस तरी अंगात इन्शुलिन गेलेलं दिसत नाही. इन्शुलिन टोचायची ती सून नेरेइदा. सासू-सुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य सगळ्यांना ठाऊक होतं.

नेरेइदा पायरीवर बसली होती. नवरा कधीचाच परागंदा. तिच्यावर खटला उभा राहिला तर तिच्या दोन्ही मुली सरकार घेऊन जाणार होतं, आणि ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"टोचलंस?" उर्किदेसनं विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ. शिव्या खात टोचलं."

"वापरलेल्या सुया कुठे टाकतेस?"

नेरेइदानं कपड्यांच्या साबणाची रिकामी बाटली आणून दिली. मंगळवारी संध्याकाळी नवं इन्शुलिन आलं, त्याच दिवशी सुयांसाठी ही बाटलीही नवी घेतली होती. उर्किदेसनं हातमोजे घालून सुया मोजल्या. मंगळवारची एक, मग रोज दोन. सात. सातही वापरलेल्या.

म्हणजे औषध टोचलं होतं, पण लागू पडलं नव्हतं.

फ्रिजमध्ये एक फोडलेली आणि दोन बंद बाटल्या होत्या. तिनं त्यांच्यावरचा बॅच नंबर टिपून घेतला.

सीमेपलीकडच्या अल्गोदोनेस गावात इन्शुलिन इथल्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतं, त्यामुळे वस्तीतलं कुणी ना कुणी तिकडे जातंच. देल्फिनाचं इन्शुलिन शेजारचा रोसेंदो आणायचा, कारण त्याच्या बायकोला, चायोला, तेच लागायचं.

रोसेंदो टेबलाशी बसून मक्याचे कडक तळलेले तुकडे चटणीत बुडवून खात होता. त्यानं उर्किदेसलाही ताट पुढे केलं.

"एकाच दुकानातून, एकाच खोक्यातल्या सहा बाटल्या," तो म्हणाला. "मंगळवारी. तीन तिला, तीन आम्हाला. औषधात खोट असती तर माझी चायो अशी ठणठणीत असती का? पोरी, औषधाला कशाला बोल लावतेस, त्या सुनेला धर."

"नंतर पुन्हा गेला होतात पलीकडे?"

"गुरुवारी. दाढ काढायला. ही, उजवीकडची." त्यानं गालावर हात ठेवून दाखवला. "दात काढणंसुद्धा तिकडेच परवडतं."

आणि त्यानं आणखी एक तुकडा त्याच गालात सारून कडाकडा चावला.

उर्किदेस फ्रिजकडे वळली. चायोची परवानगी घेऊन तिनं फ्रिज उघडला. आत तीन बाटल्या होत्या, एक फोडलेली, दोन बंद. नंबर देल्फिनाच्या बाटल्यांवरचा नव्हता.

ती परत येऊन समोर बसली. या माणसानं तिला सायकल शिकवली होती.

"काका, परवा दाढ काढलेला माणूस त्या बाजूनं हे चावू शकत नाही. दाढ जागेवरच आहे. गुरुवारी तुम्ही औषधाला गेलात. चायोबाईंच्या बाटल्या दुसऱ्याच खोक्यातल्या आहेत. मंगळवारच्या तुम्ही फेकून दिल्यात, कारण त्या खराब झाल्याचं तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला एकट्याला."

रोसेंदोचा जबडा थांबला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मंगळवारी त्यानं बाटल्यांचा डबा सीमेच्या अलीकडे उभ्या केलेल्या गाडीत ठेवला, आणि कोळंबी अन् बिअरसाठी पुन्हा पायी पलीकडे गेला. बाहेर शेहेचाळीस अंश ऊन. तीन तासांनी परतला तेव्हा डब्यातल्या बर्फाचं कढत पाणी झालं होतं. घरी आला तर देल्फिना दारातच वाट पाहत उभी. त्यानं तिच्या तीन बाटल्या तिच्या हातात ठेवल्या. गुरुवारी दुकानात तीनच शिल्लक होत्या.

"वाटलं, थोडा तरी गुण उरला असेल," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर पुन्हा कुणी माझ्या हाती औषध सोपवलं नसतं."

"आणि नेरेइदाला धर म्हणालात."

उर्किदेसनं त्याला उठायला सांगितलं.

चायो इतका वेळ फ्रिजला टेकून उभी होती. ती नवऱ्याकडे पाहत अगदी सावकाश बोलली.

"शुक्रवारी दुपारी देल्फिना इथे आली होती. घसा सुकतोय म्हणाली. एकामागून एक चार ग्लास पाणी प्याली, आणि दर वेळी ग्लास तू भरून दिलास, रोसेंदो. तेव्हा इथे आत गुरुवारच्या दोन बंद बाटल्या होत्या."